नादारी आणि प्याला

शिरूरच्या मिशन कंपाउंडात एखाद्या घरी सकाळी मटण शिजलं की दुपारपर्यंत त्या घराला पैसे कुठून मिळाले याची चौकशी पुरी झालेली असे. वाईट नव्हती हो माणसं. आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची, मयताला सगळ्यांत आधी हजर असायची. पण एकमेकांवर नजर ठेवायची ती अशी की विचारू नका. आणि मी त्यांच्यातलीच. कुणी हसून बोललं की हा का हसला, याचाच विचार करत बसायची. अजून करते. आता वयामुळे लोक त्याला अनुभव म्हणतात, एवढंच.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. कंपाउंडातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. वडील मी लहान असतानाच गेले, खोकून खोकून. आई मुलींच्या बोर्डिंगात स्वैपाक करायची. तिच्या पगारात पुण्याचं कॉलेज कुठून जमायला? पण माझी फी सरकारकडून माफ झाली. त्या माफीला आम्ही नादारी म्हणत असू. हॉस्टेलचा आणि खाणावळीचा खर्च आमच्या मंडळीनं उचलला. मंडळी म्हणजे आमच्या देवळात जमणारी सगळी ख्रिस्ती माणसं. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. वर्षातून एकदा हंगामाची उपासना होई. लोक कोंबड्या, अंडी, भोपळे, बाजरी आणून पुढं ठेवत, मग त्यांचा लिलाव होई आणि त्यातून माझी खाणावळ चाले. आता मला सांगा, जिच्या ताटातला भात आपल्या कोंबडीवर शिजतो, तिच्यावर नजर ठेवायचा हक्क कुणाला नसेल? सुटीत घरी आले की बायका आधी माझं पातळ बघत, नवं आहे का जुनं. मी मुद्दाम जुनं नेसून यायची.

दुसऱ्या वर्षाची पहिली टर्म अर्ध्यावर आली असेल, तेव्हा एक दिवस दाजी हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. माझी थोरली बहीण दौंडला दिलेली. दाजी रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. फाटकाशी मुली येत-जात होत्या, त्या वळून वळून बघत होत्या, आणि हा माणूस डोक्यावरची टोपी काढतोय, घालतोय. शेवटी म्हणाले, ताईला पुण्याच्या डॉक्टरला दाखवलंय, छातीचा रोग आहे, खोकल्यातून रक्त पडतंय. रोज सुई घ्यायची, महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहायचं, आणि करणारं घरात कोणी नाही.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं दौंडला गेले. ताई खाटेवर उठून बसली होती, केस विंचरून, जणू मी सणाला आले होते. तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आईला न्हाई सांगायचं. तिकडं कुणालाच न्हाई." वडलांना गिळलं तोच हा रोग. आईनं वडलांची थुंकी चार वर्षं राखेत झाकली होती. तिला हे पुन्हा कसं सांगायचं? शिवाय दौंडलाही कळता कामा नये होतं. रेल्वेच्या चाळीत नळ एक, मोरी एक. कळलं असतं तर बायकांनी ताईला नळावर येऊ दिलं नसतं. आणि दाजींची आई गावाकडं टपूनच बसली होती, वांझ सून घालवायला कारण हवंच होतं तिला. मी शब्द दिला. तेव्हा शब्द देणं फार सोपं वाटलं.

दोन दिवसांनी परत जाऊन कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं की घरी अडचण आहे, काही दिवस वर्गाला येता येणार नाही. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "लग्न ठरलं का?" म्हणाला. नाही म्हटलं. "मग काय अडचण?" घरची म्हटलं. तो हसला नाही, पण हसल्यासारखं केलं. मग त्यानं नियम सांगितला. टर्म पुरी भरली नाही तर नादारी रद्द. नुसती पुढची नाही, या टर्मची झालेली माफीही मागं घेणार आणि सगळी फी भरायला लावणार. एकदा असं मध्येच सोडलेल्या मुलीचा नादारीचा अर्ज पुन्हा कोणी हातात घेत नाही. वाट एकच होती. तुझा खर्च जे चालवतात त्यांनी दिवाळीनंतरची टर्म लागायच्या आत लिहून द्यायचं की मुलगी योग्य कारणानं गेली होती आणि आम्ही तिच्या पाठीशी आहोत. मग साहेब विचार करतील.

म्हणजे माझं सगळं शिक्षण आता आमच्या मंडळीच्या कमिटीच्या एका सहीवर आलं. आणि सही करण्याआधी कमिटी कारण विचारणार, हे काय मला कळत नव्हतं? पण ताई खोकताना मी पाहिली होती. मी वळकटी बांधली आणि दौंडला गेले.

दौंडचे ते दिवस म्हणजे सगळा लपवाछपवीचा कारभार. शेजारणींना सांगितलं होतं, ताईला अशक्तपणा आहे. ताई खोकला दाबून धरायची आणि यार्डातून इंजिन गेलं की त्या आवाजात खोकून घ्यायची. इंजिन यायला उशीर झाला की तिचा चेहरा निळा पडे, आणि मी दाराशी उभी राहून, देवा, एखादी मालगाडी पाठव रे, असं मनात म्हणत असे. डॉक्टरनं बजावलं होतं, तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, सगळं उकळून घ्यायचं, तिचं उष्टं कुणी तोंडाला लावायचं नाही. "आणि तुम्हीसुद्धा जपा. तुम्ही रात्रंदिवस जवळ असता. हा रोग आत शिरला तरी आधी कळत नाही," असं तो मला म्हणाला होता. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. सकाळी घसा खाकरला तरी मी हातरुमाल उजेडात धरून बघायची.

शिरूरला महिन्यातून एकदा तरी तोंड दाखवणं भाग होतं, नाहीतर आई दौंडला येऊन थडकली असती. तिला मी सांगितलं होतं की कॉलेजात थोडी गडबड आहे, म्हणून ताईकडे राहून अभ्यास करते. थापही धड मारता येत नव्हती मला. आई हूं म्हणाली. त्या हूंमध्ये काय होतं ते मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

तो महिन्याचा पहिला रविवार होता. पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि मनुका भिजवून काढलेला रस. रसाचा पितळी प्याला एकच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, तो पहिल्याच्या हातात देत आणि मग तो बाकावरून हातोहात फिरे, आधी पुरुषांकडे, मग बायकांकडे. एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे, त्यातच त्याचा अर्थ होता. फक्त ज्याच्या मनात पाप सलतंय त्यानं न पिता प्याला पुढे द्यायचा. असं क्वचित होई, पण झालं की अख्ख्या मंडळीचा आठवडा कारणी लागे. एकदा एका पोक्त गृहस्थानं प्याला सोडला आणि शनिवारच्या आत त्याची ओढ्याकाठची दारूची भट्टी लोकांनी हुडकून काढली. तेव्हापासून तर प्याला फिरताना कुणाचेच डोळे मिटलेले नसत.

प्याला माझ्या हातात आला. माझ्या शेजारी बायबलबाई होत्या, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, पिकल्या पानासारख्या म्हाताऱ्या. मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. डॉक्टरचं वाक्य आठवलं. मी प्यायले आणि मग त्या प्यायल्या, आणि माझ्या आत ते शिरलेलं असलं तर? मी फार विचार केला नाही. प्याला तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग प्याल्याकडे. सगळं देऊळ आमच्याकडे बघत होतं, आणि मला मात्र आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं. इतकी मी खुळी.

त्यानंतर कंपाउंडातली हवाच बदलली. मी गेले की बायका बोलणं थांबवून बाजरीतले खडे शोधू लागत. बोर्डिंगच्या मेट्रनबाई मला वरपासून खालपर्यंत बघत, आणि मधेच कुठंतरी त्यांची नजर अडकत असे. हे कुणी पेटवलं, याचा मी शोध घेऊ लागले. आधी मेट्रनबाईंवर संशय घेतला, मग दौंडच्या यष्टीच्या कंडक्टरवर, कारण तो आमच्यातला होता. शेवटी पाळकसाहेबांच्या बायकोनं मला पेरू देता देता विचारलं, "दौंडला आनंदाची बातमी आहे म्हणे?" मी म्हटलं, कसली? तसं काही नाही. त्या गोड हसल्या. "असू दे, असू दे. मूल कुणाच्याही पोटी आलं तरी देवाचंच."

पेरू हातात तसाच राहिला. मुलगी मध्येच कॉलेज सोडते, कारण सांगत नाही. जाऊन बसते ती मूल नसलेल्या बहिणीच्या घरी. आणि भर देवळात प्याला सोडते. सगळी बेरीज त्यांनी केली होती, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हीच केली असती. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. कुणा मेल्याशी मी धड बोललेसुद्धा नव्हते कधी! एकच समाधान होतं, की निदान आई तरी त्यांच्यात नाही. त्या दिवसांत आई माझे फार लाड करत होती. विहिरीवर मला भरला हंडा उचलू देत नव्हती. जेवताना न मागता चिंचेचं लोणचं वाढायची आणि मी ते खाते का, हे बघत बसायची. मला बरं वाटायचं. सगळं जग उलटलं तरी आई आपली आहे, असं वाटायचं.

दिवाळी जवळ आली आणि कमिटीनं मला बोलावलं. पाळकसाहेबांच्या पडवीत चार वडील माणसं बसली होती. बोलणारे होते ते आबा, मंडळीचे खजिनदार. माझ्या वडलांचे मित्र. माझ्या नावानं लिलावात सगळ्यांत चढी बोली तेच बोलत. त्यांनी कॉलेज का सोडलं ते विचारलं. घरचं कारण आहे म्हटलं. कुणाच्या घरचं? गप्प. पुन्हा विचारलं. घरचंच, म्हटलं. एकजण कुरकुरला की लोकांच्या घामाचा पैसा आहे, कारण कळल्याशिवाय कॉलेजला काय लिहायचं? खोटं लिहायचं का? त्याचं काही चुकत नव्हतं. मला त्याचा राग आला तो म्हणूनच.

मग आबा म्हणाले, "पोरी, आमाला कोरटकचेरी न्हाई करायची. येत्या प्रभुभोजनाला प्याला घे. तू प्यालीस की आमी समजू, मनात काय न्हाई. मग कुणी कारण इचारायचं न्हाई. त्याच दिशी सही करतो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीनं याहून न्यायाचं काही नव्हतं. माझ्यासारख्या मुलीवर विश्वास टाकायला ते तयार होते, आणि मागत काय होते, तर एक घोट.

मधले दिवस मी स्वतःशीच वकिली केली. एका घोटानं काय होतंय? इतक्या दिवसांत मला काही झालेलं नाही. ओठ न लावता नुसता प्याला तिरका करता येईल. पण देवळात, त्या प्याल्याशी, सोंग करायचं? माझा देवावर विश्वास होता, आजच्यापेक्षा जास्तच होता. आणि नेमका त्याच आठवड्यात मला खोकला सुरू झाला. थंडीचा असेल. असेलही. हातरुमाल कोराच होता, पण वडलांचाही सुरुवातीला कोराच असणार.

रविवारी मी मुद्दाम बायकांची फेरी संपते त्या बाकाच्या शेवटी बसले, म्हणजे माझ्यानंतर कुणी नको. तेवढ्यात आई आली. ती एरवी स्वैपाकघरातून उशिरा यायची आणि मागं दाराशी बसायची. त्या दिवशी ती सरळ पुढे आली, मला आत सरकायला लावून माझ्या शेजारी बसली. पाळत ठेवायला आलीस होय, असं माझ्या मनात आलं. प्याला पुरुषांकडून फिरून बायकांकडे आला. आबांनी डोळे मिटले होते. सगळ्या देवळात त्यांचेच तेवढे मिटलेले. प्याला माझ्या हातात आला. रस काठापाशी हलत होता. मी प्यायले असते तर कॉलेज माझं होतं. आणि माझ्यानंतर ओठ लावणार होती ती माझी आई, जिनं चार वर्षं वडलांची थुंकी झाकून स्वतःला कशीबशी वाचवली होती.

मी प्याला तिच्या हातात दिला.

आईनं तो दोन्ही हातांनी धरला. मग न पिताच उठली, चालत पुढे गेली आणि प्याला पाळकसाहेबांच्या हातात देऊन माझ्या शेजारी येऊन बसली. त्या देवळात आईनं आयुष्यात कधी प्याला सोडला नव्हता. पाळकसाहेब पुढचं स्तोत्र सांगायलाच विसरले.

बाहेर पडताना आबा दारात उभे होते. "आता सही न्हाई हुनार, पोरी," एवढंच म्हणाले. म्हणजे नादारी गेली, खाणावळ गेली, सगळंच संपलं. मला रडू आलं नाही. उलट आईचा अभिमान वाटत होता. सगळ्यांसमोर तिनं माझी बाजू घेतली होती. माझी लेक प्याली नाही तर मीही पिणार नाही, असं म्हणण्यासारखंच होतं ते. घरी जाऊन तिच्या गळ्यात पडायचं, असं मी ठरवलं होतं.

घरात शिरताच आईनं दाराला कडी घातली. खाटेखालची ट्रंक ओढली, तळातून एक फडकं काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. आत झबली होती. वडलांच्या जुन्या धोतराची, मऊ, हातानं शिवलेली, बारीक बारीक टाक्यांची.

"कोन हाय ते मी इचारनार न्हाई," ती म्हणाली. "लेकरू झालं की थोरलीच्या पदरात घाल. तिची बी कूस उजवंल आन् तुझं बी झाकून जाईल. फीचं मी बघते, डोरलं हाय माझं. तू शिकायला जा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हंडा, लोणचं, ते हूं. ती माझी बाजू घेत नव्हती. सगळ्यांसारखं तिनंही ते खरं धरलं होतं, आणि लेकीच्या पापात आपलाही वाटा आहे म्हणून प्याला सोडला होता. मी संतापले. "तुलासुद्धा असं वाटलं?" मी विचारलं. ती खाली बघून झबल्याची घडी नीट करत राहिली. वाटलं, झबली तिच्या हातातून ओढून चुलीत घालावीत. पण त्या घड्या घालताना ती किती जपून घालत होती! तिनं मनातल्या मनात ते मूल केव्हाच मांडीवर घेतलं होतं.

मग मी सांगितलं. ताईला दिलेला शब्द मोडला आणि सगळं सांगितलं. आधी तिला समजलंच नाही. ती माझ्या पोटाकडेच बघत होती. मग तिनं विचारलं, "रगत पडतं?"

"पडत होतं. आता सुया चालू आहेत. कमी आहे."

आई भिंतीला टेकली. जिनं माझी बेअब्रूसुद्धा पदरात घेतली होती, तिचं तोंड आता बघवेना. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हिचा संशय खरा असता तर किती बरं झालं असतं.

पण मी विशीतलीसुद्धा नव्हते. मला माझी सही दिसत होती. मी म्हटलं, आई, आता तुला कळलंच आहे, तर आत्ताच आबांकडे जाऊ. ते ऐकतील, आजच लिहून देतील. टर्म लागायला अजून अवकाश आहे.

"न्हाई," आई म्हणाली. "कंपाउंडात कळलं की दौंडात कळंल. तिला नळावर उभं करायचे न्हाईत. तिची सासू तिला घरात ठिवायची न्हाई. तुझ्याबद्दल वाटतंय ते वाटू दे त्यास्नी."

"आणि माझं कॉलेज?"

तिनं झबली पुन्हा फडक्यात बांधली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली, वर कुलूप घातलं. पायात वहाणा सरकवल्या, पदर खोचला आणि दाराची कडी काढता काढता मला विचारलं, "तिचं आता मी बघते. दौंडची यष्टी कवा हाय?"